सातबाऱ्यावर नसलेलं डांगर

कराडच्या कृषी प्रदर्शनात भाजीपाल्याच्या स्पर्धेचं टेबल होतं तिथं मी उभी होते आणि माझ्या पुढं एक आजी होत्या. नऊवारी लुगडं, कपाळावर नि हनुवटीवर हिरवं गोंदण, आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेली खताची पिशवी. पिशवीत डांगर, म्हणजे लाल भोपळा. पाटणकडनं एसटीनं आल्या होत्या, सगळा रस्ता मांडीवर घेऊन. टेबलावर ठेवायच्या आधी त्यांनी पदरानं टेबल पुसलं, मग पिशवीची गाठ सोडली. काय डांगर होतं ते! खाचा इतक्या खोल की अख्खं बोट आत बसावं, वरनं पांढरट बुकटी धरलेली, बाजूनं केशरी, आणि जिथं भुईला टेकून वाढलं होतं तिथं एक फिकट पिवळा चट्टा. देठ चांगला वीतभर ठेवून कापलेला, म्हणजे तोडणाऱ्याला कळत होतं, कारण देठ मुळातनं निघाला की डांगर टिकत नाही, तिथनंच सडायला लागतं. टेबलावरचं पोरगं कृषी कॉलेजचं असावं, गळ्यात ओळखपत्र होतं, काट्यावरचा आकडा बघून ते "एकच नंबर, आजी" म्हणालं आणि त्यानं फॉर्म पुढं ओढला. "नाव सांगा." आजींनी एका पुरुषाचं नाव सांगितलं, बापाचं नाव आणि आडनावासकट. "हे कोण?" "ल्योक माझा." "आणि डांगर कुणी लावलंय?" "म्याच की. दुसरं कोन लावतंय." "मग तुमचं नाव सांगा ना." तर आजी एकदम ठाम, जरा चिडूनच म्हणाल्या, "माझं कशाला? सातबारा त्येच्या नावावर हाय, त्येचंच लिवा." पोरानं परत एकदा विचारलं, अगदी प्रेमानं विचारलं, पण मागं लाईन वाढत होती, शेवटी त्यानं सांगितलं तसं लिहिलं आणि कार्ड डांगराला टेकवून उभं केलं. ते जरा कलंडलं होतं, आजींनी बोटानं सरळ केलं.

ते कार्ड काही केल्या माझ्या डोक्यातनं जात नाहीये.

कारण नंतर मी आजींशी बोलत बसले तेव्हा कळलं की डांगर शेतात आलेलंच नव्हतं. घरामागच्या उकिरड्याच्या कडेला त्यांनी बी टोकलं होतं, येल गोठ्याच्या पत्र्यावर चढवला होता, आणि एक फळ खाली भुईवर धरलं तेच हे. आता उकिरडा, गोठा, परसू हे सगळं गावठाणात. तिथं सातबारा नसतोच, ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा असतो. म्हणजे ज्या कागदासाठी आजींनी स्वतःचं नाव मागं घेतलं त्या कागदाचा आणि त्या डांगराचा काडीचा संबंध नव्हता. बी त्यांचं, खत त्यांच्या हातचं, पाणी भांडी घासलेलं, राखण त्यांची, एसटीचं तिकीट पण त्यांचंच. तरी नाव कुणाचं लावायचं याबद्दल त्यांच्या मनात क्षणभर सुद्धा शंका आली नाही. आणि मला सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर त्या अजिबात दुःखी नव्हत्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करून सांगत होत्या, आमचं हाय ते, आमच्या घरचं. लेकाचं नाव टेबलावर मांडलंय याचाच त्यांना अभिमान होता, मग मी कोण त्यांच्यावर अन्याय झाला असं म्हणणारी? पण मग मला तिथं गलबलून का आलं, ते पण खरंच होतं ना.

हे प्रदर्शन यशवंतराव चव्हाणांच्या पुण्यतिथीला धरून असतं. २५ नोव्हेंबरला सकाळी प्रीतिसंगमावर समाधीपाशी माणसं लोटतात आणि तिथली निम्मी गर्दी मग बैलबाजाराच्या तळाकडं वळते. शरद सरलेला असतो, सोयाबीन आणि भुईमूग घरात आलेला, भात झोडून झालेलं, शाळू गुडघ्याला लागलेला, कारखान्यांची धुराडी पेटलेली. हातात थोडा वेळ, खिशात थोडे पैसे आणि सकाळची कोवळी थंडी, असे दिवस शेतकऱ्याच्या वर्षात फार नसतात. त्यामुळं या प्रदर्शनाला येणारी माणसं कशी नीट कपडे करून येतात, टोपीला इस्त्री असते, पोरांच्या डोक्याला तेल असतं. लहानपणी आम्ही टेम्पोच्या हौद्यातनं यायचो, आता सगळे मोटरसायकलवर येतात, पण आत शिरल्यावर वास तोच येतो. शेण, ओला चारा, नव्या ट्रॅक्टरचा रंग, भजी तळल्याचा धूर आणि हजार पावलांनी उडवलेली बारीक तांबूस धूळ. माईकवर कोण ना कोण सतत बोलत असतं, हरवलेलं पोर, ठिबकवरची सूट आणि गांडूळ खत, सगळं एकाच आवाजात.

जनावरांच्या मांडवात मी नेहमी सगळ्यात जास्त रेंगाळते. खिल्लार बैल बघितला की बघतच राहावं वाटतं, ती मागं वळत गेलेली टोकदार शिंगं, चिरलेल्या सुपारीएवढं सुद्धा मांस जास्त नसलेलं अंग, आणि कान सतत हलते. २०२१ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं शर्यतींना परवानगी दिली आणि २०२३ च्या मे महिन्यात कायदा पण कायम ठेवला, तेव्हापासून खोंडांचे भाव लाखांतच बोलतात, आणि खरं सांगायचं तर त्याच्यामुळं खिल्लार वाचला सुद्धा, नाहीतर ट्रॅक्टर आल्यावर गोठ्यात बैल ठेवायला कुणाला परवडत होतं. शेजारी पंढरपुरी म्हशी, शिंगं पार खांद्याच्या मागं गेलेली. पुढं उस्मानाबादी शेळ्या काळ्याभोर, आणि जतकडच्या माडग्याळ मेंढ्या, त्यांच्या नाकाचा बाक बघायला पोरांची झुंबड. २०२२ ला लंपी आला तेव्हा जनावरांचे बाजार बंद पडले होते, त्या वर्षी गोठ्यागोठ्यांत जी शांतता होती ती आठवली की हा गोंगाट, हे हंबरणं, हे शेणाचे पो सुद्धा मला बरे वाटतात.

तिथं एक खिल्लार गाय होती, पहिलारू असावी, गर्दीला बुजली होती. मालक फेटा बांधून कासरा धरून उभा, फोटो काढणारे पुढं, आणि गाय मागच्या पायावर नाचायला लागलेली. दोघा पोरांनी मोरकी धरली तशी आणखीनच बिथरली. मग मांडवाच्या मागनं, जिथं कडबा रचला होता आणि बायका डबे सोडून बसल्या होत्या, तिथनं एक बाई भाकरीचा तुकडा हातात घेऊन उठली. काही बोलली नाही, गायीच्या गळ्याखालच्या पोळीवर नुसता हात फिरवत राहिली, वरनं खाली, वरनं खाली. गाय थांबली. तिनं श्वास सोडला तो मला दोन हात लांबनं ऐकू आला. मग बाई मागं जाऊन परत जेवायला बसली आणि मालकाचा फोटो निघाला. मालक वाईट माणूस नव्हता हो, त्यानंच तिला हाक मारली होती, आणि फोटोवाल्याला म्हणाला सुद्धा की "हिचंच ऐकती ती, हिच्या हातनं पिऊन मोठी झाली तेव्हापास्नं." पण पाटीवर नाव त्याचं होतं, गाव त्याचं होतं, मोबाईल नंबर त्याचा होता.

एकदा असं दिसायला लागलं की मग सगळीकडं तेच दिसतं. उसाच्या मांडवात २६५ आणि ८६०३२ या जातींचे ऊस उभे बांधलेले, माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंच, आडसाली, कांड्या मोजायला पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढलेली. प्रत्येक उसाला कार्ड. त्या उसाचं बेणं कुणी निवडलं, डोळे कुणी तपासले, दीड वर्षात त्या सरीत खुरपं घेऊन किती वेळा कोण बसलं, पानांनी कुणाचे हात कापले, हे ज्यानं-त्यानं आपल्या घरात बघितलेलंच आहे. आणि सकाळी येताना रस्त्याच्या कडेला ऊसतोड मजुरांच्या कोप्या लागल्या होत्या, बीडकडची माणसं, दिवाळी झाली की येतात. पहाटे थंडीत बाई पाचट पेटवून चूल करत होती आणि लेकरू तिच्या पाठीशी गोधडीत. तिथं तर नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, नवऱ्याच्या हातात पडते, बाई दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढवते, आणि हिशोबाच्या वहीत जोडीचा मिळून एकच आकडा असतो. प्रदर्शनातल्या त्या उंच उसाचं मला कौतुक आहेच, मनापासून आहे, इतका ऊस आणणं सोपं काम नाही. पण त्या कार्डावर आणखी एक ओळ बसली असती.

अवजारांच्या स्टॉलवर मात्र मला फार छान बघायला मिळालं. मोठ्या ट्रॅक्टरपाशी सगळे बाप्ये, रोटाव्हेटरची पाती मोजत, सबसिडी विचारत. आणि एका कोपऱ्यात हातानं चालवायच्या छोट्या अवजारांच्या स्टॉलला बायकांचा गराडा. वैभव विळा होता, दातऱ्यांचा, वजनाला हलका. सायकल कोळपं होतं. हातानं दांडा हलवून शेंगा फोडायचं यंत्र होतं. एक बाई विळा हातात घेऊन हवेतच कापल्यासारखं करून बघत होती, मनगट फिरवून, मूठ उलटी-सुलटी करून, आणि विक्रेत्याला म्हणाली, "मूठ जाड हाय, बाईच्या हातात बसत न्हाई, दुपारपातुर बोटं वळत्यात." त्यानं वहीत लिहून घेतलं, खरंच लिहून घेतलं. शेंगा फोडायच्या यंत्रापाशी तर रांगच लागली होती. ज्यांनी पेरणीसाठी पोतंभर शेंगा हातानं फोडल्यात त्यांना विचारा, अंगठ्याचं नख कसं उचलतं आणि त्याखाली भेग कशी पडते, मग आठवडाभर भाजीत मीठ टाकताना जीव जातो. माझ्या आईचे अंगठे अजून तसे आहेत, थंडी आली की फुटतात. मला तर वाटतं या प्रदर्शनात त्या कोपऱ्याला मुख्य मांडव द्यायला हवा. तिथं जे प्रश्न विचारले जात होते तेवढे खरे प्रश्न बाकी कुठंच ऐकायला आले नाहीत.

आईचं बियाणं हा एक वेगळाच कारभार असायचा. मूग, चवळी, वाल हे सगळं चुलीची राख चाळून त्यात घोळून गाडग्यात भरायचं, तोंडाला फडकं, वरनं शेणानं लिंपायचं. डांगर, दोडका, दुधीच्या बिया मात्र ओल्या शेणात रोवून त्याची गोवरी भिंतीवर थापायची. लहानपणी परसाच्या भिंतीवर जळणाच्या गोवऱ्यांत मधेच एक अशी बियांची गोवरी असायची, तिच्यावर आई बोटानं फुली काढायची, म्हणजे कुणी चुकून चुलीत घालू नये. मिरगाचा पाऊस झाला की ती गोवरी फोडायची आणि तुकडा तसाच उकिरड्याच्या कडेला पुरायचा, बी नि खत एकदमच. येल चार हात झाला की शेंडा खुडायचा, मग तो फुटतो. फुलं आली की सकाळी सकाळी बघायचं, दांड्यावरची नुसती फुलं भाजीला खुडायची, ज्याच्या बुडाशी छोटी गोळी दिसते त्याला हात लावायचा नाही, आणि पाऊस लागून राहिला, माशी फिरली नाही, तर आई स्वतः एक फूल तोडून दुसऱ्यावर फिरवायची. मी पुढं शाळेत परागीभवन शिकले तेव्हा मला काही नवीन वाटलं नाही. फळ भुईवर असेल तर खाली पिंजराची चुंबळ ठेवायची. त्या आजींच्या डांगराचा तो फिकट चट्टा कोरडा खणखणीत होता, कुठं ओल नाही, भेग नाही, म्हणजे त्यांनी पण चुंबळ ठेवली असणारच. हे सगळं शास्त्र आहे आणि ते कुठल्या घडीपत्रिकेत नव्हतं, या बायकांच्या हातात होतं.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंनी हेच तर केलं. घरात गावठी बी साठवत गेल्या, बियाण्यांची बँक उभी केली, आणि २०२० ला पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांचं नाव सगळ्या देशानं घेतलं. मला राहीबाईंचा फार आदर वाटतो, आणि त्यांचं नाव ऐकलं की मला माझी आई, त्या आजी, आमच्या आळीतल्या सगळ्याच जणी दिसायला लागतात. गावोगाव भिंतीवर फुली काढलेली गोवरी थापणाऱ्या बायका होत्या, त्यातल्या एकीचं नाव पोचलं. बाकीच्यांचं बी हायब्रीडच्या पुड्या आल्यावर संपलं, आणि बी संपलं तसं ते माहीत असणं पण संपलं, कारण ते कुणी कुणाच्या नावानं लिहून ठेवलंच नव्हतं.

जमिनीवर नाव हा विषय आमच्या घरात कधी निघाला नाही असं नाही. शेतकरी संघटनेचं चांदवडला १९८६ च्या नोव्हेंबरात बायकांचं मोठं अधिवेशन झालं, पुढं शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती काढली, नवऱ्यानं आपण होऊन थोडी तरी जमीन बायकोच्या नावावर करायची, कोर्टकचेरी नाही, भांडण नाही, आणि बऱ्याच गावांत माणसांनी खरंच केली. १९९२ ला सरकारनं पण त्या नावानं योजना आणली. आमच्या आबांना हे सगळं माहीत होतं, आबा भाषणं ऐकायला जायचे, घरी येऊन आईला सांगायचे सुद्धा. पण तलाठ्याकडं जाणं राहिलं ते राहिलंच. उसाची लागण, मग खताची उचल, मग कुणाचं लग्न. त्यात वाईट हेतू काही नव्हता, हे मी शपथेवर सांगीन. फक्त कुणाला त्याची घाई नव्हती. आणि असं घराघरात कुणालाच घाई नसते, म्हणून २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या जमीन कसणाऱ्या खातेदारांत बायका १४ टक्क्यांच्या आसपास निघतात. राज्याच्या पीक स्पर्धेला अर्ज करायचा तर सातबारा आणि आठ-अ जोडावा लागतो. पीएम किसानचे पैसे पण ज्याच्या नावावर जमीन त्याच्याच खात्यावर. आजींचं गणित त्यांच्या जागी बरोबरच होतं, आयुष्यभर प्रत्येक खिडकीवर त्यांना हेच विचारलं गेलं असणार.

आणि ज्यांचा हक्क कायद्यानं होता त्यांचं काय झालं, तर माझी आत्या. महाराष्ट्रात १९९४ ला आणि मग देशभर २००५ ला लेकींना वडिलोपार्जित जमिनीत वाटा आला. आज्जा गेल्यावर वारस नोंदीत आत्याचं नाव लागलं, आणि नंतर एक दिवस ती हक्कसोडपत्रावर सही करायला तालुक्याला आली. मी तेव्हा लहान होते पण तो दिवस मला स्वच्छ आठवतो. आत्या सकाळीच आली होती, नवी बांगडी भरून. सही करून परत आल्यावर घरात पुरणपोळ्या झाल्या, आबांनी तिला चांगली पैठणी काठाची साडी घेतली, आणि आत्या खरंच आनंदात होती, सगळ्या शेतातनं फिरून आली, विहिरीवर बसली, चिंचा पाडल्या. निघताना उंबऱ्यात म्हणाली, "आता माझं माहेर कुनी तोडू शकत न्हाई." मला ते वाक्य तेव्हा फार गोड वाटलं होतं. आता त्याच्यातली भीती ऐकू येते. वाटा मागितला असता तर माहेर तुटलं असतं, असंच ना ते. आबांचं आत्यावर प्रेम आहे, दर दिवाळीला स्वतः घेऊन यायला जातात, आणि तो कागद पण आबांच्याच ट्रंकेत आहे. दोन्ही खरं आहे आणि दोन्हींना एकत्र घेऊनच मला माझ्या घरात राहायचंय.

कराडातच वेणूताई चव्हाण स्मारक आहे. यशवंतरावांनी आयुष्यभर जमवलेली पुस्तकं तिथं ठेवलीत. १९८३ च्या जूनमध्ये वेणूताई गेल्या आणि १९८४ च्या नोव्हेंबरात यशवंतराव. राज्याचे पहिले मुख्यमंत्री, देशाचे संरक्षण मंत्री, उपपंतप्रधान झालेल्या माणसाची पुस्तकं बायकोच्या नावाच्या वास्तूत आहेत. प्रदर्शनातनं बाहेर पडून मी जरा वेळ तिकडं गेले होते, आत फार कुणी नव्हतं. दारावरचं नाव वाचत उभी राहिले, एरवी मी ते शंभरदा वाचून पुढं गेलेली असणार. ते नाव तिथं कुणीतरी ठरवून लावलंय. आपोआप लागत नाही.

दुपारी परत आले तेव्हा मैदानाच्या कडेला ड्रोनचं प्रात्यक्षिक चालू होतं. उडवणारी पोरगी पंचवीस-सव्वीसची असेल, ड्रोन दीदी योजनेतली, केंद्रानं बचत गटांना पंधरा हजार ड्रोन द्यायचं ठरवलंय ना, त्यातली. साडीवर निळं जाकीट, डोक्याला टोपी, जाकिटाच्या खिशावर तिचं नाव धाग्यानं भरलेलं. ड्रोन वर उठला तशी धूळ उडाली, सगळ्या बायकांनी पदर तोंडाला लावले, आणि तो शाळूच्या तुकड्यावरनं पाण्याचा बारीक फवारा मारत सरळ रेषेत गेला, टोकाला वळला, परत आला. पोरीची नजर एकदा सुद्धा ढळली नाही. उतरल्यावर एका म्हातारीनं विचारलं, "कुनाची गं तू?" तिनं आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग गावाचं, मग बापाचं. शिकायला काय लागलं, परीक्षा कशी असते, बायका विचारत होत्या. तिनं पर्समधनं प्लास्टिकमध्ये घातलेलं पायलटचं सर्टिफिकेट काढून दाखवलं आणि ते हातोहात फिरलं. वाचता न येणाऱ्या बायकांनी पण ते हातात घेऊन उलटून-पालटून बघितलं, फोटोवर बोट ठेवून "हीच की ही" म्हणाल्या, आणि जपून परत दिलं. हे ड्रोन किती टिकतील, बॅटरीचा खर्च गटाला झेपेल का, याची मला काळजी वाटतेच. पण तो कागद तिच्या नावाचा होता, तेवढं बघूनच मला बरं वाटलं.

मुक्काम गावीच होता. आमचं रान खोडशीच्या बंधाऱ्यावरनं निघालेल्या कॅनॉलच्या दोन्ही अंगांना आहे, थोडं पाटाखाली, थोडं वर. रात्री आई चुलीवर भाकऱ्या करत होती, आबा आणि दादा ताटावर, वहिनी आमटी वाढत होती. मी सगळं सांगितलं, डांगर, आजी, कार्ड, खिल्लार गाय, ड्रोनवाली पोरगी. २०२६ हे संयुक्त राष्ट्रांनी महिला शेतकऱ्यांचं वर्ष ठरवलंय तेही सांगितलं. आबा गप ऐकत होते. मग मी सरळच विचारलं, की आबा, आईचं नाव कधी लावायचं? दादानं मान वर केली. मला वाटलं आता विषय जड होणार, पण दादाच म्हणाला, लावूया की, कुणी नको म्हणलंय, उद्याच तलाठ्याला फोन करतो. आबा म्हणाले, "माझं कवाच काय म्हननं न्हवतं. हिलाच इचार, हिनं कधी मागितलं का." सगळे आईकडं बघायला लागलो. तिनं तव्यातली भाकरी उचलून आराला लावली, ती टम्म फुगेपर्यंत काही बोलली नाही, मग टोपल्यात टाकून म्हणाली,

"लावनार असाल तर पाटाखालचं लावा. वरचं वीस गुंठं नको मला, तितं पानी चढत न्हाई."

"पाटाखालचं?" आबा म्हणाले. "तेवढंच तर चांगलं हाय."

"म्हनूनच म्हनतीया," आई म्हणाली, आणि पुढची भाकरी थापायला घेतली.